मँचेस्टरला राहायला जातोय: सेल, ऑल्ट्रिंगम की शहरातच? सासूबाई सोबत असणार आहेत

निंबोणी

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून मँचेस्टरला जातोय. नवऱ्याचं ऑफिस शहराच्या मध्यावर, डीन्सगेटजवळ आहे. मुलगी सात वर्षांची, सप्टेंबरपासून तिकडच्या इयर थ्रीमध्ये जाईल. माझं पुण्याचं काम मी घरूनच चालू ठेवणार आहे, म्हणजे तिकडच्या पहाटे साडेपाचपासून दुपारी दोनपर्यंत मी लॅपटॉपसमोर.

सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. सासरे चार वर्षांपूर्वी गेले. दरवर्षी सहा महिने आईंनी आमच्याकडे राहावं असं आम्हा दोघांनाही मनापासून वाटतं. त्यांनी शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय. अजून रोज संध्याकाळी कोथरूडमध्ये दोन किलोमीटर चालतात, मैत्रिणींचा कट्टा आहे, भाजी स्वतः निवडून आणतात.

घराचे तीन पर्याय दिसताहेत. एक, डीन्सगेटजवळ टॉवरमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट, ऑफिस चालत. दोन, सेल किंवा ऑल्ट्रिंगमला जुनं सेमी-डिटॅच्ड घर. तीन, शहरापासून पंधरा मैलांवर नवीन वसाहतीत मोठं, कोरं घर, सेलपेक्षा कमी भाड्यात. सगळे शाळेवरून सल्ला देतात. मला शाळेइतकीच आईंची काळजी आहे. प्रत्यक्ष राहिलेल्यांनी लिहावं ही विनंती.

खारीबिस्किट

रुमाल टाकून ठेवतोय. आम्ही जानेवारीत नॉटिंगहॅमला जाणार आहोत, शहर वेगळं पण प्रश्न अगदी हाच.

जुना_सेलकर

निंबोणी, सेलमध्ये आम्हाला चौदावं वर्ष चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गाव कसं वसलं ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. १८४९ साली मँचेस्टर ते ऑल्ट्रिंगम रेल्वे सुरू झाली. गिरण्यांच्या धुरातून बाहेर पडू पाहणारे व्यापारी आणि त्यांच्यामागून कारकून मंडळी या रुळांच्या दोन्ही अंगांना घरं बांधून राहू लागली. आधी गाडी आली, मग वस्ती. त्यामुळे दुकानं, बँक, दवाखाना, ग्रंथालय सगळं स्टेशनाभोवती, आणि घरं तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांत. १९९२ पासून त्याच मार्गावर मेट्रोलिंकची ट्राम धावते. दिवसा साधारण दर सहा मिनिटांनी एक. सेलहून डीन्सगेटला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

रुळांना लागूनच ब्रिजवॉटर कालवा आहे. १७६१ मध्ये कोळसा वाहायला काढलेला. आता त्याच्या काठाची वाट सपाट, पक्की आणि गाड्यांपासून मोकळी आहे. माझी आई स्ट्रेटफर्डपर्यंत त्या काठानं चालत जायची आणि ट्रामनं परत यायची.

आता घराचं. सेमी म्हणजे जोडघर, मधली एक भिंत सामाईक. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर, मागे बाग. वर दोन बऱ्यापैकी खोल्या आणि एक 'बॉक्स रूम', ज्यात एक पलंग आणि एक माणूस मावतो. संडास-बाथरूम बहुतेक जुन्या घरांत वर असतं, आणि जिना अरुंद, उभा, त्यात गालिचा टाकलेला. वयस्कर माणूस येणार असेल तर खाली टॉयलेट असलेलंच घर बघा. आम्ही पहिल्या घरात हे पाहिलं नव्हतं आणि माझ्या वडिलांनी रात्री पाणी पिणंच कमी केलं. ते मला तीन महिन्यांनी कळलं. अजून आठवलं की वाईट वाटतं.

तिसऱ्या पर्यायाचा विचारसुद्धा करू नका.

दुपारची_उन्हं

आम्ही ऑल्ट्रिंगमकर. (इंग्रजीत लिहायचं Altrincham, म्हणायचं 'ऑल्ट्रिंगम'. पहिल्या दिवशी तिकीट विचारताना माझा उच्चार ऐकून ट्राममधल्या आजींनी प्रेमानं तीनदा म्हणून घेतला.)

सेलकरांशी बहुतांशी सहमत, पण शाळेचा मुद्दा बाजूला सारू नका. सेल-ऑल्ट्रिंगम ज्या ट्रॅफर्ड कौन्सिलमध्ये येतात तिथे अजून ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा आहेत, शेजारच्या मँचेस्टर शहरात नाहीत. मुलीची इयर सिक्सच्या सुरुवातीला, सप्टेंबरमध्ये परीक्षा होते, ३१ ऑक्टोबरपर्यंत अर्ज, १ मार्चला कुठली शाळा मिळाली ते कळतं. तुमच्याकडे तीन वर्षं आहेत. काही शाळा पत्त्याचा पोस्टकोडही बघतात, म्हणून घर घेतानाच विचार करावा लागतो.

शिवाय गाव सुंदर आहे. बाजाराची सनद १२९० सालची. जुन्या बाजाराच्या इमारतीत आता खाण्याची दुकानं आहेत, लांब लाकडी बाकांवर अनोळखी माणसांच्या शेजारी बसून जेवायचं. डनहॅम मॅसीचं हरणांचं रान जवळ. भाडं मात्र सेलपेक्षा चढं.

कातळशिल्प

ग्रामरच्या बाबतीत दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. माझ्या मुलानं ती परीक्षा दिली आणि तो आठ गुणांनी राहिला. इयर फोर आणि फाइव्हमधले सगळे शनिवार शिकवणीत गेले. त्याचे दोन जिवलग मित्र एका शाळेत, हा दुसऱ्या. दहा वर्षांच्या मुलाला 'तू राहिलास' हे सांगायची वेळ आली तेव्हा मला ती व्यवस्थाच चुकीची वाटली. आज तो साध्या सरकारी शाळेत आनंदात आहे आणि गणितात उत्तम आहे. घर परीक्षेसाठी निवडू नका एवढंच म्हणतो.

दुपारची_उन्हं

कातळशिल्प, तुमचं दुःख समजू शकते. माझ्या दोन मुलींपैकी एक लागली, एक नाही. एकाच घरात दोन वेगळे गणवेश धुताना मलाही कळलं ते. तरीसुद्धा थोरलीला त्या शाळेनं जे दिलं ते मी नाकारू शकत नाही.

मोरपीस_७

निंबोणी, मी तिसऱ्या पर्यायात राहिलेय, म्हणून लिहिते.

नवीन वसाहत, चार बेडरूम, दारात दोन गाड्यांची जागा, सगळं लख्ख. बाबा सांगलीहून ऑक्टोबरमध्ये आले. आम्ही दोघं सकाळी सातला गाडीनं निघायचो. वसाहतीत एक दुकान नाही, बस तासाला एक, तीही वीस मिनिटं चालल्यावर, आणि त्या रस्त्याला पदपथ नाही. शेजारी चांगले, पण तेसुद्धा सकाळी सातला गाडीनं निघणारे. डिसेंबरात सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि दुपारी चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. बाबा खिडकीत बसून राहायचे. एकदा संध्याकाळी म्हणाले, "आज तेरा माणसं दिसली." त्यातली चार कुत्रं फिरवणारी, दोन पार्सलवाली. ते मोजत होते.

दोन महिन्यांनी तिकीट बदलून परत गेले. भांडण नाही, तक्रार नाही. "तुमचं छान चाललंय, मी बघितलं," एवढं म्हणाले. त्यानंतर ते कधी आले नाहीत आणि आता नाहीतच.

तेव्हा घर बघायला जाल तेव्हा खोल्या नंतर मोजा. मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्या रस्त्यावर उभं राहून बघा, माणसं दिसतात का.

सांजवारा

मोरपीस, वाचून गलबलून आलं.

ओंजळ

मोरपीस, तुला घट्ट मिठी.

निंबोणी, आमचा अनुभव उलट. आम्ही ओल्ड ट्रॅफर्डला टेरेस घरात होतो, म्हणजे ओळीनं चिकटलेली विटांची लहान घरं, दार उघडलं की थेट पदपथ. अंगण नाही, पार्किंगची मारामार. पण आईला इंग्रजी येत नव्हतं तरी तिसऱ्या दिवशी शेजारच्या पंजाबी मावशींकडे ती मेथी निवडत बसली होती. मावशींची हिंदी आणि आईची नगरी हिंदी, दोघींचं जमलं. कोपऱ्यावरच्या दुकानात कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, ताजी कोथिंबिरीची जुडी. व्हॅली रेंजचं गीता भवन चालत जाण्याइतकं. आई सहा महिने राहिली आणि निघताना रडली.

नंतर आम्ही मुलांसाठी मोठ्या घरात गेलो. आईला ते घर आवडलं, पण ती प्रत्येक वेळी विचारायची, "मावशींकडे कधी जायचं?"

भर_दुपारी_चहा

थोडं अवांतर. ओल्ड ट्रॅफर्डचं नाव आलं आणि क्रिकेट नाही आलं, असं कसं चालेल? जून १९८२, याच मैदानावर संदीप पाटीलनं बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले (मधे एक नोबॉल होता), नाबाद १२९. आणि ऑगस्ट १९९० मध्ये सचिनचं पहिलं कसोटी शतक, नाबाद ११९, तेही इथलंच. सेलच्या ट्राममधून मैदानाचं स्टँड दिसतं. माझे काका पहिल्यांदा आले तेव्हा तिथे उतरून फाटकाला हात लावून आले होते.

जुना_सेलकर

आणि फारूख इंजिनियर! १९६८ पासून लँकेशायरसाठी खेळले. २०२५ मध्ये त्यांचं आणि क्लाइव्ह लॉइडचं नाव तिथल्या स्टँडला दिलं. दादर पारशी कॉलनीतला मुलगा इथला होऊन गेला.

शहाबादी_फरशी

मी स्थापत्य अभियंता, इथे सोळा वर्षं जुन्या घरांची तपासणी करतो. घर बघताना या गोष्टी जरूर बघा.

ओल. बाहेरच्या कोपऱ्यातल्या भिंतीला, कपाटामागे, खिडकीच्या खाली हात लावून बघा. नुकता रंग फक्त एकाच भिंतीला दिलेला असेल तर विचारा का. आपल्या लोकांच्या घरात बुरशी जास्त धरते याचं कारण साधं आहे: आपण कुकर लावतो, भात शिजवतो, कपडे रेडिएटरवर वाळत टाकतो आणि थंडी म्हणून खिडकी बंद ठेवतो. ती वाफ गार भिंतीवर जाऊन बसते. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालू, दार बंद, आणि रोज दहा मिनिटं सगळ्या खिडक्या उघड्या. ओलावा शोषणारं यंत्र घ्या, कपडे त्याच्याजवळ वाळवा.

पूर. मर्सी नदी सेल, डिड्सबरी, नॉर्थेंडन यांच्यामधून जाते. २०२१च्या जानेवारीत डिड्सबरी-नॉर्थेंडनच्या काही भागांतल्या लोकांना रात्री घरं सोडायला सांगितलं होतं. सेल वॉटर पार्कचं तळं मुळात मोटरवेच्या भरावासाठी माती-वाळू काढून झालेला खड्डा आहे, आणि नदी फुगली की तिचं पाणी तिकडे सोडतात. उत्तम योजना आहे. तरी पोस्टकोड घालून सरकारी पूर-नकाशा बघितल्याशिवाय सही करू नका.

अनामत. भाडेकरूकडून पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही (वार्षिक भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर), आणि ती तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते. माझ्या पहिल्या घरमालकानं ती केलीच नव्हती. मला नियम माहीत नव्हता, पैसे गेले.

पुढे कधी विकत घेतलंत तर 'चीफ रेंट' हा शब्द कानावर येईल. मँचेस्टरच्या आसपास जुन्या घरांवर वर्षाला काही पौंडांचा हा जुना जमीन-आकार असतो. घाबरू नका, १९७७च्या कायद्यानं नवीन लावायला बंदी आहे आणि जुने बहुतेक २०३७ मध्ये संपणार आहेत.

ऊनसावली

वाचनखूण साठवली. शहाबादी, हे सगळं आम्हाला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!

खारीबिस्किट

पावसाबद्दलही कुणी लिहा ना. मँचेस्टर म्हणजे पाऊस असं ऐकून आहे.

सांजवारा

मुंबईत एकट्या जुलैत जेवढा पडतो, तेवढा मँचेस्टरला वर्षभरात पडतो. पण तो वर्षभर वाटून पडतो, बारीक, भुरभुर. छत्री उघडेपर्यंत थांबतो आणि मिटली की परत येतो. इथल्या लोकांसारखं टोपीचं जाकीट घालायचं आणि चालू पडायचं. सासूबाईंना साडीवर चालेल असं लांब जाकीट आणि रबरी तळव्याचे बूट पहिल्याच आठवड्यात घेऊन द्या. ओल्या पानांवरून घसरून मनगट मोडलेल्या दोन आज्या मला माहीत आहेत.

पैलतीर

शहरातल्या फ्लॅटबद्दल कुणीच चांगलं लिहिलं नाही, म्हणून लिहितो. माझी आई अठराव्या मजल्यावर आमच्यासोबत पाच महिने होती. लिफ्टनं खाली उतरलं की सेंट्रल लायब्ररी चालत दहा मिनिटं. ती गोल इमारत, वरचा घुमटाखालचा वाचनकक्ष, तिथे ती तासन् तास बसायची. आर्ट गॅलरी फुकट, शहरातली फुकट बस. सपाट घर, जिना नाही, ऊबदार. बाग नाही हे खरं. शुक्रवारी-शनिवारी रात्री खालचा गोंगाट असतो हेही खरं. पण सहा-सात वर्षांची मुलगी नसती तर मी म्हाताऱ्या माणसासाठी शहरच सुचवलं असतं.

ओंजळ

पैलतीर, हा मुद्दा पटला. जिना नसणं फार मोठी गोष्ट आहे.

पाटाचं_पाणी

उत्तरेकडे कुणी बघतच नाही! आम्ही प्रेस्टविचला. तीच ट्राम पलीकडच्या टोकाला बरी (Bury) गावाकडे जाते. हीटन पार्क सहाशे एकर, घराच्या मागे. ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती, शनिवारी सकाळी आजोबा-नातू हात धरून चालत प्रार्थनेला जाताना दिसतात. माझे सासरे रोज त्यांना हात करायचे, मग एक आजोबा थांबून बोलू लागले. भाडंही दक्षिणेपेक्षा बरं.

निंबोणी

सगळ्यांचे किती आभार मानू? मोरपीस, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तिसरा पर्याय आम्ही त्याच रात्री सोडला.

दोन प्रश्न. कचऱ्याच्या चार पेट्या असतात म्हणे, ते काय असतं? आणि मी पहाटे मीटिंगमध्ये बोलत असते, मिक्सरही लवकर लागतो. जोडघरात शेजाऱ्यांना त्रास होईल का?

जुना_सेलकर

आमच्याकडे करडी पेटी साध्या कचऱ्याला, निळी कागद-पुठ्ठ्याला, काळी काच-डबे-बाटल्यांना, हिरवी खरकटं आणि बागेच्या कचऱ्याला. कुठल्या आठवड्यात कुठली ते फ्रीजवर लावून ठेवायचं. खरी खूण अशी की समोरचे लोक आदल्या रात्री जी बाहेर काढतील ती आपणही काढायची. आम्ही एकदा भारतात होतो तर शेजारच्या बाईंनी चार आठवडे आमच्या पेट्या बाहेर काढून परत आत ठेवल्या. न सांगता. तेव्हापासून दिवाळीचा फराळाचा पहिला डबा त्यांचा.

मिक्सरचं म्हणाल तर राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंना जाऊन ओळख करून द्या आणि सांगून टाका. मिक्सर सामाईक भिंतीला चिकटवून ठेवू नका, खाली जाड टॉवेल घाला. आमचे शेजारी आता मिक्सर ऐकून विचारतात, आज शेंगदाण्याची चटणी का!

काळीज_पाखरू

एक महत्त्वाची सूचना, कुणी लिहिली नाही म्हणून. 'दरवर्षी सहा महिने' हे व्हिजाच्या दृष्टीनं नीट बघा. व्हिजिटर व्हिजावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, पण वारंवार येऊन इथेच घर केल्यासारखं राहणं नियमात बसत नाही, सीमेवरचा अधिकारी विचारू शकतो. मधे पुरेसं अंतर ठेवा, परतीचं तिकीट, पुण्यातलं घर, पेन्शन यांचे कागद हाताशी ठेवा. आईवडिलांना कायमचं आणण्याचा व्हिजा जवळजवळ अशक्य आहे, त्याच्या आशेवर राहू नका.

आणि आरोग्य. इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, दाखवणं पाहुण्यांनाही मोफत आहे, इमर्जन्सी विभागातले उपचारही. पण एकदा दाखल करून घेतलं की बिल लागतं, तेही नेहमीच्या दराच्या दीडपट. रक्तदाब, साखर जे काही असेल ते सगळं लिहून प्रवास विमा घ्या. माझ्या सासऱ्यांचा विमा घेताना आम्ही जुना आजार लिहिला नव्हता. पाच दिवसांचं बिल आम्ही दोन वर्षं फेडत होतो.

ऊनसावली

+१. शिवाय पहिल्यांदा बोलवाल तर एप्रिलमध्ये. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, माणसं बागेत असतात, कुंपणावरून बोलणं होतं. एकदा उन्हाळ्यात ओळखी झाल्या की पुढचा हिवाळा सोसतो. उलटं केलं की मोरपीसच्या बाबांसारखं होतं.

भर_दुपारी_चहा

सासूबाई भौतिकशास्त्राच्या ना? मग सेलच! शास्त्रज्ञ जेम्स जूल शेवटची वर्षं सेलमध्ये राहिला, १८८९ मध्ये तिथेच गेला. ब्रुकलंड्सच्या दफनभूमीत त्याची कबर आहे आणि दगडाच्या माथ्यावर आकडा कोरलाय: ७७२.५५. एक पौंड पाणी एक अंश फॅरेनहाइटनं तापवायला इतके फूट-पौंड काम लागतं, हे त्यानं १८७८ मध्ये मोजलं होतं. माणसाच्या कबरीवर त्याचं मोजमाप! वर्दिंग्टन पार्कमध्ये त्याचा अर्धपुतळाही आहे.

कातळशिल्प

सेलमध्ये सहा वर्षं होतो, हे माहीत नव्हतं. मुलाला घेऊन जातो या रविवारी.

वाटसरू_नगरचा

मी सगळा धागा वाचला. एक विचारू का? सासूबाईंना कुणी विचारलं का त्यांना काय हवंय? आपण सगळे त्यांच्यासाठी गाव निवडतोय आणि त्यांचं एक वाक्य धाग्यात नाही. माझ्या आईला मी न विचारता तळमजल्याची खोली तयार केली होती. तिला वरची हवी होती, कारण तिथून झाड दिसायचं. जिना चढायला तिची हरकत नव्हती.

निंबोणी

वाटसरू, तुमचा प्रतिसाद वाचला आणि तशीच आईंच्या खोलीत गेले. खरंच विचारलं नव्हतं. आम्ही फक्त "तुम्ही येणार ना?" एवढंच विचारलं होतं.

त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला दोन गोष्टी सांग. ग्रंथालय किती लांब आहे? आणि कुणाला न विचारता मी बाहेर जाऊन परत येऊ शकेन का?" शाळेचं, बागेचं, देवळाचं काही नाही. मग मी जूलचं सांगितलं. त्यांनी आकडा पंचांगाच्या मागे लिहून घेतला आणि म्हणाल्या, फूट-पौंडात आहे, बदलून बघायला हवा.

जुना_सेलकर

ग्रंथालय सेलच्या ट्राम थांब्यापासून दोन-तीन मिनिटांवर, टाउन हॉलशेजारी. सांगा त्यांना.

मोरपीस_७

"कुणाला न विचारता." बाबांना हेच हवं होतं.

निंबोणी *(सप्टेंबर)*

घर मिळालं. सेल आणि ब्रुकलंड्सच्या मध्ये, ट्रामपासून सात मिनिटं. तीन खोल्या, तिसरी बॉक्स रूमच. खाली छोटं टॉयलेट आहे. स्वयंपाकघर जुनं आहे आणि बागेत फक्त गवत आणि एक वाकडं सफरचंदाचं झाड. मंगळवारी सकाळी अकराला रस्त्यावर उभी राहिले: पोस्टमन, बाबागाडीवाल्या दोघी, काठी घेऊन चाललेले एक आजोबा, कुंपण कापणारी एक बाई. तिनं विचारलं काही शोधताय का, मी म्हटलं घर बघतेय. तिनं कात्री खाली ठेवून वीस मिनिटं माहिती दिली.

मुलीला जवळच्या शाळेत जागा मिळाली. ग्रामरचं तीन वर्षांनी बघू.

निंबोणी *(पुढच्या वर्षी, मे)*

धागा वर काढतेय. आई एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या. पहिले तीन दिवस झोप आणि थंडी. चौथ्या दिवशी मी मीटिंगमधून बाहेर आले तर घरात नाहीत, फ्रीजवर पेट्यांच्या तक्त्याखाली चिठ्ठी: "ब्रुकलंड्सला जाऊन येते. ट्रामचा एकच थांबा आहे." माझा जीव खाली-वर. दीड तासानं आल्या, बुटांना चिखल, गाल लाल. कबर लगेच सापडली नाही, मग तिथे गवत कापणाऱ्या माणसानं नेऊन दाखवली. दुपारभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आकडेमोड चालली होती. कॅलरीला सुमारे ४.१६ जूल आलं, आजचा आकडा ४.१९. "त्या काळच्या थर्मामीटरनं!" असं त्या नातीला तीनदा म्हणाल्या.

आता ग्रंथालयाचं कार्ड आहे. कुंपण कापणाऱ्या बाईंसोबत सोमवारी कालव्याच्या काठानं फिरायला जातात. मराठी बोलायला मात्र आमच्याखेरीज कुणी नाही, ती उणीव त्यांना जाणवते. काल पहिल्यांदा कट्ट्यावरच्या मैत्रिणींची आठवण काढून रडल्या.

दुपारची_उन्हं

निंबोणी, माझी आई २० तारखेला येतेय, पाच महिन्यांसाठी. सांगलीची, मराठीची शिक्षिका होती. ऑल्ट्रिंगमहून सेल ट्रामनं फार तर दहा-पंधरा मिनिटं. बुधवारी सकाळी दोघींची गाठ घालून देऊया का? ग्रंथालयातच?

निंबोणी

आईंना विचारून सांगते.

निंबोणी

बुधवारी साडेदहा. त्या म्हणताहेत, थांब्यावर न्यायला त्या स्वतः येतील, आपण दोघींनी यायची गरज नाही. फोन नंबर विपूत (विचारपुशीत) टाकलाय.